बर्फाची टेकडी, गोगलगाय आणि कुंचीचं फूल: मॉडेलच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू. ठिबक सिंचन, ज्वालामुखी आणि टाकाऊतून टिकाऊ दरवर्षी असतंच, म्हणून यंदा वेगळा विषय धरला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली एक दुर्मिळ गोगलगाय आणि ती राहते त्याच गार उतारावर वाढणारं एक संकटातलं रानफूल, या दोघांची तुलना. पुढं कुणाला असलंच काही करायचं झालं तर आमचे दिवस आणि पैसे जिथं वाया गेले तिथं त्यांचे जाऊ नयेत, म्हणून ही वही.

आठवीच्या वर्गात विषय सांगितला आणि मागच्या बाकावरून लगेच आलं, "गोगलगाय वाचवायची? सर, आमच्या आबाला सांगू नका."

पोराचं चुकलं नाही. आमचा भाग लातूर जिल्ह्यातला, औशाकडचा. जुलै २०२२ मध्ये लातूर, बीड आणि तेव्हाचं उस्मानाबाद, तिन्ही जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन रातोरात फस्त केलं होतं. आमच्या घरच्या रानातही दुबार पेरणी झाली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाला टाकायची, पहाटे त्याखालच्या गोगलगायी बादलीत गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. हे काम वर्गातल्या निम्म्या पोरांनी हातानं केलंय. त्यांना गोगलगायीचं कौतुक सांगायचं म्हणजे उंदराचा वाढदिवस करण्यासारखं. तरी सहा जण तयार झाले: चार मुली, दोन मुलगे.

१८ ऑक्टोबर

पहिला आराखडा: दोन तक्ते. डावीकडं गोगलगाय, उजवीकडं फूल, मध्ये रेघ. मुलींनी माहिती भरायला घेतली.

गोगलगाय: शंख ५ ते ८ मिलिमीटर, घुमटासारखा, साधारण सहा वेढे. बर्च आणि मेपलची गळालेली पानं खाते. आयुष्य पाचेक वर्षं. एका वेळी दोन ते सहा अंडी.

फूल: झाड एक ते चार फूट, फूल इंचभर, निळं, जून ते सप्टेंबरात येतं. परागीभवन भुंग्यासारख्या केसाळ मोठ्या मधमाश्या करतात. त्या पाकळ्या ढकलून आत शिरतात.

दोन्ही रकाने भरले आणि एक मुलगी म्हणाली, "सर, यात तुलना कुठंय? ही एक गोगलगाय, हे एक फूल. आंबा आणि म्हैस असंबी करता येईल की." बरोबर होतं. तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला. कार्डशीट आणि स्केचपेनचे १४० रुपये गेले.

त्यातली एक ओळ मात्र सगळ्यांना लागली: दोन ते सहा अंडी. आपल्या रानातली शंखी एका वेळी शंभरावर अंडी घालते. ती मूळची इथली नव्हेच, पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली आणि तिथून पसरली. मुठीएवढी होते, मिळेल ते खाते, कुठंही राहते. आयोवाची सोयाबीनच्या दाण्याएवढी, आणि तिला ठरावीक पाला, ठरावीक गारवा, ठरावीक उतार लागतो. एकाच नावाखाली दोन टोकं. मागच्या बाकावरच्याला हे पटलं. निदान त्यानं "आबाला सांगतो" एवढं तरी म्हटलं.

२३ ऑक्टोबर

माझी चूक. फुलाची ओळख सोपी करायला मी म्हणालो होतो, "बचनागाच्या जातकुळीतलं आहे, बचनाग बघा." ते फूल अकोनाइट वंशातलं, आणि आयुर्वेदात वापरतात तो बचनागही त्याच वंशातला, म्हणजे म्हणणं खरं होतं. पण आपल्याकडं कळलावीलाही बचनाग म्हणतात. पोरं कुपाटीत वाढलेली कळलावी बघून आली आणि लाल-पिवळ्या, वर वळलेल्या पाकळ्यांचं दोन फूट बाय दोन फूट चित्र काढून आणलं. चित्र झकास. झाड चुकीचं. दोघींमध्ये सारखं एवढंच की दोन्ही विषारी. एका मुलानं कळलावीचा कंदही दप्तरात घालून आणला होता. तो आधी काढून घेतला आणि त्याला साबणानं हात धुवायला लावले, मग रागावलो.

करणाऱ्यांसाठी: वनस्पतीचं बोलीतलं नाव वर्गात सांगण्याआधी ते किती झाडांना लावतात ते बघा.

खऱ्या फुलाचा रंगीत फोटो दाखवला. वरची पाकळी पुढं झुकलेली, खालचं सगळं झाकणारी. इंग्रजीत त्याला जोगड्याच्या टोपीवरून 'मंक्सहूड' असं नाव आहे. मुलींना टोपी पटली नाही. "बाळाला कुंची घातल्यावानी दिसतंय." तेव्हापासून आमच्याकडं ते कुंचीचं फूल.

२७ ऑक्टोबर

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. (पुढचं सुट्टीत वाढवलं.) मी आणखी वाचलं, ते इथंच एकत्र लिहून ठेवतो, कारण याच्यामुळं आख्खा प्रकल्प बदलला.

गोगलगाय आणि कुंची दोघांना धरून ठेवणारी गोष्ट एकच: गार वारा. आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात आणि आजूबाजूला चुनखडकाच्या टेकड्या आहेत. हिमयुगात हिमनद्या भोवतालचा मुलूख खरवडून त्यावर गाळ टाकून गेल्या, हा तुकडा त्यातून सुटला. टेकडीच्या माथ्यावर जमीन खचून झालेले खड्डे, आत भेगा, पोटात गोठलेलं पाणी, आणि उत्तरेकडच्या उतारावर सुट्या दगडांचा खच. उन्हाळ्यात हवा माथ्यावरच्या खड्ड्यातून आत ओढली जाते, बर्फावरून जाते, गार होऊन जड होते आणि उतारावरच्या फटींतून बाहेर येते. हिवाळ्यात उलटं: फटी हवा आत घेतात आणि आतलं पाणी पुन्हा गोठतं. त्यामुळं त्या उतारावरची जमीन उन्हाळ्यात सहसा १० अंशांच्या वर जात नाही आणि हिवाळ्यात सहसा उणे १० च्या खाली उतरत नाही. बाहेर तीस अंश असताना पायाखाली दहा.

हिमयुग संपलं, बाकी मुलूख तापला, आणि थंडीतले हे जीव या फटींच्या तोंडाशी राहिले. गोगलगाय तर १९२८ मध्ये जीवाश्मावरून नोंदली गेली होती. सगळ्यांनी धरलं की संपली. १९५५ मध्ये जिवंत सापडली.

म्हणजे तुलना रकान्यांची नाही, एका फटीच्या दोन भाडेकरूंची आहे. आणि फट दाखवायची तर तक्ता चालणार नाही, टेकडीच बांधावी लागेल.

११ नोव्हेंबर

शाळा सुरू. सुतारकाकांकडून प्लायवूडचा सांगाडा: पाया चार फूट बाय अडीच, मागची बाजू दोन फूट उंच, पुढं उतार. जुनं प्लाय वापरलं तरी मजुरीसह ९०० रुपये. उतारावर कोंबड्याची जाळी, तिच्यावर खडी. क्रशरवरून चार घमेली मोठी खडी फुकट मिळाली, आणायला रिक्षाचे १००.

खडी अर्थातच काळी. आपला दगड बेसाल्ट, लाव्हाचा. तो पावसाच्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्याकडं चुनखडकासारख्या भेगा आणि खचखड्डे होत नाहीत. हे दाखवायला एका मुलीनं शेतातले चुनखडाचे खडे आणले. लिंबू पिळलं की फसफसतात. काळ्या खडीवर पिळलं तर नुसतं ओलं. दोन वाट्या, एक लिंबू. पुढं सगळ्या प्रदर्शनात लोकांना सर्वांत जास्त हेच आवडलं, आणि खर्च पाच रुपये.

१४ नोव्हेंबर

पहिली चाचणी. थर्माकोलची पेटी (औषधाच्या दुकानातून, फुकट) सांगाड्याच्या वरच्या भागात ठेवली, त्यात दहा किलो बर्फ, झाकण घट्ट, वरून पोतं. उताराच्या पायथ्याशी विटेच्या फटीएवढं तोंड ठेवलं. वर्गात २९ अंश. तासाभरानं तोंडाशी २८. दोन तासांनी २८.

मला वाटलं बर्फ कमी पडला. आणखी दहा किलो मागवला. २७.

बर्फाचे एकूण १६० रुपये आणि एक दुपार.

१६ नोव्हेंबर

मुलांनी सुचवलं, बर्फात मीठ टाकू, कुल्फीवाला टाकतो तसं. टाकलं. तोंडाशी २६. एका अंशासाठी बर्फ निम्म्या वेळात संपला आणि खारं पाणी जाळीतून खाली झिरपलं. शिपाईमामा दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "सर, गोगलगायीच्या घरात मीठ ओतायलाव? मग २०२२ मधी आमी काय येगळं केलं?"

सगळे हसले. मीठ बंद.

बर्फ ८० रुपये, मीठ घरचं.

१८ नोव्हेंबर

बर्फाचा प्रश्न बाजूला ठेवून जीव बनवायला घेतले. गोगलगाय सोयाबीनच्या दाण्याएवढी, मग खरं सोयाबीनच घेऊ, ही कल्पना माझी, आणि मी तिच्यावर खूश होतो. चाळीस दाणे, तपकिरी रंग, बारीक ब्रशनं वेढे. खडीत ठेवल्या तर पटकन दिसतही नव्हत्या, तेही हवंच होतं. उतार ओला दिसावा म्हणून विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ खरवडून पसरलं आणि पाणी शिंपडलं.

आता चार-पाच दिवस काम बंद. विधानसभेचं मतदान २० तारखेला आहे, शाळेत मतदान केंद्र आहे आणि माझी ड्यूटी दुसऱ्या गावी. मॉडेल व्हरांड्याच्या कोपऱ्यात सरकवलं.

२५ नोव्हेंबर

गोगलगायींना कोंब आले.

चाळीसपैकी बत्तीस दाणे फुगले, साली फाटल्या, वेढे उसवले आणि खडीतून पांढरे कोंब बाहेर. शेवाळाचा ओलावा त्यांना पुरला. मुलं इतकी हसली की शेजारच्या वर्गातल्या बाई विचारायला आल्या. मागच्या बाकावरच्यानं वहीत लिहायला सांगितलं म्हणून लिहितो: "यंदा गोगलगायीनं सोयाबीन खाल्लं नाही, सोयाबीनच गोगलगाय झालं."

दुसरा प्रयत्न शाडूचा. वेढे सुंदर आले, पण ओल्या खडीत दुसऱ्या दिवशी चिखल. (ही ओळ २६ ला वाढवली.) तिसरा एम-सीलचा: तीस रुपयांच्या दोन पाकिटांत चाळीस गोगलगायी, कडक, पाण्याला घाबरत नाहीत. आधीच हे करायला हवं होतं. वेढे उमटवायला बॉलपेनची रिकामी रिफिल वापरा, टाचणीनं नीट येत नाहीत.

२७ नोव्हेंबर

आजचा दिवस सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

पेटीत बारा किलो बर्फ. वर्गात २८, तोंडाशी २७. तेच रडगाणं. उदबत्ती पेटवून तोंडाशी धरली, धूर सरळ वर. म्हणजे वारा शून्य. एका मुलीला बर्फ किती उरलाय ते बघायचं होतं. तिनं वरचं पोतं काढलं आणि पेटीचं झाकण उचललं. आत गार, पण ती गार हवा तिथंच बसलेली. पेटीला खाली भोक नव्हतंच! बर्फ आणि उतार यांच्यामध्ये थर्माकोलची भिंत. आम्ही गार हवा तिजोरीत ठेवून बाहेर तिची वाट बघत होतो.

चाकूनं पेटीच्या तळाला सहा भोकं पाडली. झाकण परत घट्ट लावलं. तोंडाशी २४. सुधारणा, पण धूर अजून सरळच.

मग ती म्हणाली, "सर, बाटलीचं बूच लावून पाणी ओततंय का कुणी?"

बारीक तोंडाची बाटली उलटी करा, एकच भोक असेल तर पाणी गटगट अडखळत पडतं. तळाला दुसरं भोक पाडा, धार लागते. आत काही आलं तरच बाहेर काही जाईल. मी वीस वर्षं हवेचा दाब शिकवतोय आणि थंडी निसटेल म्हणून वरचं भोक बुजवून बसलो होतो. माथ्यावरचा खड्डा आपण वाचला होता, तक्त्यावर लिहिला होता, आणि मॉडेलमध्ये तो नव्हता.

झाकणाला वाटीएवढं भोक पाडलं. बर्फाची लादी फोडून गोळे केले, म्हणजे हवेला मधून वाट मिळेल. उदबत्ती वरच्या भोकाजवळ धरली आणि धूर वाकून आत गेला. खाली तोंडाशी दुसरी उदबत्ती: धूर आडवा, बाहेरच्या दिशेनं. दहा मिनिटांत १९. अर्ध्या तासात १६.

पंखा नाही, मोटर नाही. सहाही जण गुडघ्यावर बसून तोंडाशी हात धरत होते. एकीनं गाल लावला. "बारवत उतरल्यावानी लागायलंय." उन्हाळ्यात गावातल्या जुन्या बारवेच्या पायऱ्या उतरताना मध्येच एका पायरीपासून पायांना गार लागायला सुरुवात होते, ते तिनं बरोबर ओळखलं. गार हवा जड, ती खाली बसते. बारवेत ती खाली कोंडून राहते, कारण तिला खालून बाहेर पडायला वाट नाही. टेकडीत आहे.

पोरांनी तिथल्या तिथं नावं पाडली: वरचा खड्डा नाक, खालची फट तोंड. टेकडी उन्हाळ्यात नाकानं घेते, तोंडानं सोडते. हिवाळ्यात तोंडानं घेते. यानंतर मी कुठलाही अवघड शब्द वापरलेला नाही.

२९ नोव्हेंबर

दोन दुरुस्त्या. एक, हवा तोंडाशिवाय प्लायच्या सांध्यांतूनही गळत होती. सिलिकॉन लावायचा विचार होता, मामांनी शेणमातीनं लिंपून दिलं. फुकट, आणि उतार दिसायलाही खरा झाला. तोंडाशी १४.

दोन, दोन थर्मामीटर दोन आकडे दाखवत होते. बर्फाच्या पाण्यात दोन्ही बुडवले: एक ०, दुसरा ३. म्हणजे आतापर्यंतच्या माझ्या नोंदींतल्या काही आकड्यांत तीन अंशांची चूक असू शकते आणि कुठल्या ते आता कळायला मार्ग नाही. पहिल्या दिवशी करायचं काम. चुकीचा थर्मामीटर फेकला नाही, त्याच्यावर "वजा ३" अशी चिठ्ठी चिकटवली.

३ डिसेंबर

कुंचीची फुलं. निळ्या क्रेप कागदाची केली होती. ओलाव्यानं रंग सुटला आणि दोन गोगलगायी निळ्या झाल्या. आता साडीच्या फॉलचं निळं कापड, आत बारीक तार. एका फुलाला पंधरा मिनिटं लागतात, मुलींनी अकरा केली आणि बारावं करायला साफ नकार दिला.

फुलं करताना खरी तुलना आपोआप निघाली, कुणी रकाने आखले नाहीत. फूल कुठं ठेवायचं? तोंडाजवळ, पण उंच, कारण माशीला ते दिसलं पाहिजे. गोगलगाय कुठं? दगडाखाली, पाल्यात, दिसता कामा नये. समजा एका टेकडीचं तोंड बुजलं. फुलाचा पराग माशी दुसऱ्या टेकडीवर नेऊ शकते. फूल बियांतूनही वाढतं, कंदांतूनही. त्याची ठिकाणंही जास्त विखुरलेली: आयोवा, विस्कॉन्सिन, ओहायो, न्यूयॉर्क. गोगलगाय आता फक्त आयोवा आणि इलिनॉयमध्ये. दोन टेकड्यांमध्ये मक्याचं शेत असेल तर ते तिच्यासाठी समुद्र. तिथल्या सरकारनं दोघांना १९७८ मध्येच संरक्षण दिलं, पण फूल "धोक्यात" या पायरीवर आणि गोगलगाय त्याच्या वरच्या, "नामशेष होण्याच्या बेतात" या पायरीवर. मी तक्त्यावर दोघांना एकच शब्द लावला होता. खोडला.

७ डिसेंबर

मागच्या बाकावरच्याचे आबा आले. नातवानं बोलावलं की ते तक्रार करायला आले, कळलं नाही. टेकडीभोवती एक चक्कर मारली. तोंडाशी हात धरला, बराच वेळ.

"आन हे वरचं भोक?"

सांगितलं: तिकडं माथ्यावर शेतं आहेत. शेतात मध्येच असा खड्डा असला की नांगराला अडचण, जनावर पडायची भीती. म्हणून शेतकरी त्यात दगड, तारा, कचरा टाकून बुजवायचे. कुणाचं वाईट करायचं म्हणून नाही. पण खड्डा बुजला की खालचा गार वारा मंदावतो. उतारावर गुरं चरली, दगड तुडवले गेले तरी तेच. फवारणीचं औषध त्याच खड्ड्यातून आत जातं. म्हणून १९८९ मध्ये तिथं या उतारांसाठी अभयारण्य केलं, एकसलग नाही, तुकड्या-तुकड्यांचं, आणि बराचसा भाग लोकांना बंद, कारण नुसतं चालल्यानंही खच सरकतो.

आबा म्हणाले, "म्हंजे गोगलगायीला कुणी हातबी लावला नाही, तरी मरती."

मग जाता जाता: "आमच्या शंखीला असला एखादा खड्डा नाही का, बुजवायला?"

मला उत्तर सुचलं नाही. शंखीचं तेच तर आहे, तिला एक खड्डा लागत नाही. बांधावर चुन्याची पट्टी मारा, गोळ्या टाका, ती शेजारच्या रानातून येते.

१६ डिसेंबर

वाहतूक. खडीसकट मॉडेल चौघांना उचललं नाही. खडी काढून दोन पोत्यांत भरली, सांगाडा वेगळा. छोटा हत्ती ७०० रुपये, येऊन-जाऊन. लिंपण दोन ठिकाणी तडकलं. सोबत ओली शेणमाती डब्यात नेली होती म्हणून वाचलो.

१७ डिसेंबर

तालुक्याचं प्रदर्शन. सकाळी आठला बर्फाची पाव लादी फोडून भरली. साडेनऊला तोंडाशी १४, बाहेर २५. लोक येत होते, हात धरत होते, "आत कूलर आहे का" विचारत होते. मुलं नाकाशी उदबत्ती धरून दाखवत होती. एकदम मस्त.

साडेबारानंतर आकडा चढायला लागला. १७. १९. परीक्षक दोन टेबलं अलीकडं. बर्फ संपला म्हणून एकाला बर्फ आणायला पळवलं. एकीनं धूर धरून बघितला: नाकात जातच नव्हता. झाकण उचललं. बर्फ निम्म्याहून जास्त शिल्लक. आणि नाकात चहाचे चार कागदी कप, कुरकुऱ्यांचं पाकीट आणि एक केळीची साल.

टेबलावर वाटीएवढं भोक दिसलं की लोक त्यात कचरा टाकतात. आम्ही त्याच्यावर "नाक" अशी चिठ्ठीसुद्धा लावली होती.

मी साफ करायला हात घातला तर बाटलीची गोष्ट सांगणारीनं माझा हात धरला. "राहू द्या सर. परीक्षक बघतील." परीक्षक आले तेव्हा तोंडाशी २१. तिनं त्यांच्यासमोर एकेक कप बाहेर काढून टेबलावर मांडला आणि त्यांना थर्मामीटर धरायला दिला. सहा मिनिटांत १६. एका परीक्षकांनी स्वतः परत एक कप आत टाकून बघितला. दुसरे म्हणाले, विषय चांगला, पण स्थानिक नाही. पोरगी म्हणाली, "सर, कप स्थानिकच आहेत."

उत्तेजनार्थ. पहिला नंबर ठिबकला.

१९ डिसेंबर

मॉडेल मोडलं. सांगाडा पुढच्या वर्षीसाठी ठेवला. नाकावर आता जाळी ठोकणार आहोत, भोकं मोठी, हवा जाईल आणि कप जाणार नाही.

खर्च: सांगाडा ९००, रिक्षा १००, बर्फ सगळा मिळून ६४०, एम-सील ६०, कापड-तार ११०, छोटा हत्ती ७००, तक्ते (वाया) १४०, लिंबू ५. एकूण २,६५५. शाळेच्या खात्यातून १,५०० मिळाले. २७ नोव्हेंबरच्या आधीचा बर्फ धरला नाही तर २४० रुपये वाचले असते, आणि चारेक दिवस.

खडी पोत्यात भरताना गोगलगायी वेचल्या. ठेवल्या होत्या चाळीस. दोन तास सहा जणांनी शोधल्या, हातानं, एकेक दगड उलटून. एकोणतीस मिळाल्या. मामा म्हणाले, खडी मैदानात पसरायची आहे, मग राहिलेल्या अकरा काय करायच्या. मुलांनी खडी पसरू दिली नाही. पोती व्हरांड्यात तशीच आहेत, मधल्या सुट्टीत कुणी ना कुणी हात घालून बघत असतं. कालपर्यंत तेहतीस झाल्या.